बुधवारचा जोड तास

सकाळी ६.१०

वाईत पावसाची बुरबुर आहे. आषाढाची अखेर, जुलैचा शेवटचा बुधवार. श्रावण चार-पाच दिवसांवर आलाय, म्हणून मटणाच्या दुकानापुढे एवढ्या सकाळीही रांग लागली आहे. रांगेत छत्री धरून एक तरुण बाई उभ्या आहेत. हातात झाकणाचा मोठा स्टीलचा डबा. त्यांना मटण नकोय.

"दादा, दोन दिलं सांगितली होती."

"ठेवल्यात मॅडम. नळ्या कापल्या न्हाईत. फोपसंबी हाय, नळीसकट. त्याचं काय देऊ नका."

बोकडाचं दिल, म्हणजे हृदय. गिऱ्हाइकाला देताना वरच्या नळ्या छाटून, धुऊन, चिरून देतात. तसं दिल वर्गात उपयोगाचं नाही. रक्त कुठून आत येतं आणि कुठून बाहेर पडतं, हे त्या नळ्यांवरच कळतं. दुकानदाराला हे एकदा समजावून सांगितलं होतं. आता तो स्वतःच सुरी दोन बोटं वर धरतो.

दोन दिलांचे शंभर रुपये. मॅडम पावती मागतात. दुकानदार हिशेबाच्या वहीचं अर्धं पान फाडतो आणि लिहितो : '२ नग, शाळेसाठी, १०० रु.' खाली सही करतो.

सकाळी ६.४०

खोली एकच, मोरी आत. भाडं ३,००० रुपये. मॅडम सांगलीच्या पूर्व भागातल्या. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी., मग बी.एड. धोमच्या वाटेवरच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत त्या शिक्षण सेवक आहेत. हे दुसरं वर्ष. मानधन महिना १८,००० रुपये. १ जानेवारी २०२३ च्या आधी माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला ८,००० मिळत. तीन वर्षं पुरी झाली की नियमित वेतनश्रेणी लागते.

घरमालकीणबाईंच्या घरात मांस चालत नाही, म्हणून त्यांच्या फ्रिजचा प्रश्नच नाही. येताना १० रुपयांचा बर्फ आणलाय. बादलीत बर्फ, बर्फात डबा, वर ओलं पोतं.

सकाळी ७.३०

खिडकीत तीन काचेचे पेले आहेत. प्रत्येकावर एक कांदा बसवलाय, बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. शनिवारी ठेवलेले. आता प्रत्येकाला बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी मुळं फुटली आहेत.

मॅडम कात्रीने मुळांची फक्त टोकं कापतात. अर्धा सेंटिमीटर, जास्त नाही. मूळ टोकापाशी वाढतं, त्यामुळे विभागणाऱ्या पेशी तिथेच सापडतात. टोकं सकाळी कापली तर विभाजनाच्या मध्यात असलेल्या पेशी जास्त मिळतात. म्हणून हे काम शाळेत जाऊन करायचं नाही, इथेच करायचं.

टोकं एका छोट्या बाटलीत पडतात. बाटलीत तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल. पेशी ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत तिथेच थांबते. हे द्रावण त्यांनी कॉलेजच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून मागून आणलंय. झाकण घट्ट लावून बाटली रुमालात गुंडाळली जाते. दुपारी दहावीला लागणार आहे.

सकाळी ८.४५

पिशवी भरली जाते. ब्लेडचं पाकीट. हातमोज्यांचे चार जोड. प्लॅस्टिकच्या पिशव्या, ज्यांना हातमोजे पुरणार नाहीत त्यांच्यासाठी. उदबत्त्यांच्या जळून उरलेल्या काड्या. सत्तर मिलिलिटर मापाचा एक कप, त्यावर नेलपॉलिशने रेघ मारलेली. काचपट्ट्या वर्तमानपत्रात. साबणाची वडी. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे.

व्हॉल्व्हट्यूबची युक्ती अरविंद गुप्तांची. ते पुण्यात टेल्कोत इंजिनिअर होते. १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून गावोगावच्या शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचा कार्यक्रम चालू होता. आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं करायची, हे गुप्तांनी तिथे धरलं आणि पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं चालवलं. मॅडमनी बी.एड.ला असताना त्यांचे व्हिडिओ बघितले. आज व्हॉल्व्हट्यूब लागेल ती पंपाचं तोंड बकऱ्याच्या श्वासनळीत घट्ट बसवायला.

सकाळी ९.२०

धोमकडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, १० रुपये. बादली पायापाशी. कंडक्टर विचारत नाही, त्याला माहीत आहे.

गाडी कृष्णेच्या कडेकडेने जाते. नदीला गढूळ पाणी आलंय. मेणवलीच्या पुढे दोन्ही अंगांना ऊस, मग हळद, मग सोयाबीन. पांडवगडाचा माथा ढगात आहे. मॅडमचं लक्ष सोयाबीनवर आहे. पेरणी २० जूनच्या आसपासची, म्हणजे पीक आता चाळीस दिवसांचं. "आज मुळं बघायची," त्या म्हणतात. "अजून पंधरा दिवसांनी शेतात शिरायला जागा राहायची नाही."

सकाळी १०.१०

प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली. अर्ध्या खोलीत जुने बाक रचलेले. दोन लोखंडी कपाटं. सूक्ष्मदर्शक तीन, चालतो एक. दुसऱ्याच्या भिंगावर पावसाळ्यात बुरशी चढली. तिसऱ्याचा स्क्रू फिरत राहतो, नळी खाली येत नाही. प्रयोगशाळा परिचराची जागा भरलेली नाही. शिपाईमामाच ते काम करतात. तेच घंटा देतात, तेच पाणी भरतात, तेच झाडतात.

मामांनी दोन टेबलं ओढून मध्ये घेतली आहेत. त्यांवर जुनी फ्लेक्स उलटी पसरली आहे. कुठल्याशा वाढदिवसाची. पाठची पांढरी बाजू वर. धुता येते, डाग राहत नाही.

"मामा, चार बादल्या लागतील."

"तीन हायत. चौथी हेडसरांच्या बाथरूमातली आणतो."

सकाळी ११.१०

आठवी. ४२ मुलं. बुधवारी जोड तास, म्हणजे सलग दोन तासिका. आठवड्यातला एवढाच.

मानवी शरीराचा धडा पुस्तकात अकरावा आहे, दिवाळीनंतर येतो. तो आज आलाय तो एका प्रश्नामुळे. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या आजोबांना साताऱ्याला नेलं. अँजिओप्लास्टी झाली. मुलाने वर्गात विचारलं, "हृदयात स्प्रिंग बसवली म्हणजे कुठं बसवली?" मॅडमनी फळ्यावर आकृती काढली. मुलगा म्हणाला, "असं न्हाई मॅडम. खरं कुठं?"

तीन ठिकाणं मांडली आहेत. एका टेबलावर दिलं. दुसऱ्यावर फोपसं आणि सायकलचा पंप. बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या बादल्या. गट फिरत राहणार.

तीन मुलांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मॅडमनी सोमवारीच त्यांच्या घरी विचारून घेतलं होतं. ती मुलं पाण्यापाशी थांबतील, वेळ मोजतील. बाकीच्यांनाही सांगून झालंय : नको वाटलं तर हात लावायचा नाही, लांबून बघायचं. शाळेसाठी कुठलाच जीव मारलेला नाही, हेही त्या स्पष्ट सांगतात. बेडूक फाडून शिकायचा काळ गेला. महाविद्यालयांतलं विच्छेदन थांबवायच्या सूचनाही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये दिल्या.

सकाळी ११.२०

पहिला नियम : कापायचं नाही. दुसरा नियम : नाव सांगायचं नाही. काय दिसतंय तेवढंच बोलायचं.

"पिवळं पिवळं चिकटलंय."

"चरबी हाय ती."

"वरनं रेघा गेल्यात. बारक्या. फांद्या फुटल्यात त्यांना."

"दाबून बघा," मॅडम म्हणतात. "दोन्ही बाजू."

एक मुलगी डोळे मिटून दाबते. "ही बाजू घट्ट आहे. ही मऊ आहे. हिच्यात बोट जातंय."

"का असेल?"

कुणी बोलत नाही. मॅडमही सांगत नाहीत.

मग पाणी. जाड नळी वर धरून तिच्यात मगाने पाणी ओततात. पाणी आत जात नाही, नळीत उभं राहतं. मुलं वाकून बघतात. आत तीन पातळ पडदे एकमेकांना भिडून बसले आहेत. दुसऱ्या बाजूने, वरच्या पिशवीतून ओतलं, तर पाणी सरळ खाली जातं.

"एकाच बाजूनं जातंय."

"मोटारीच्या फूटव्हॉल्व्हसारखं!" मागून एकजण ओरडतो. त्याच्या घरी विहिरीवर मोटार आहे. मॅडम त्याला पुढे बोलावतात आणि फूटव्हॉल्व्ह काय करतो ते सगळ्यांना सांगायला लावतात. तो नीट सांगतो. पाणी वर गेलं की परत खाली येऊ देत नाही. मोटार बंद झाली तरी पाइप भरलेला राहतो.

सकाळी ११.३५

आता ब्लेड. मॅडम स्वतः कापतात. ब्लेड मुलांच्या हातात नाही. उभा छेद. दोन्ही अंगं उघडी पडतात.

एक मुलगी पट्टी घेऊन येते. घट्ट बाजूची भिंत १३ मिलिमीटर. मऊ बाजूची ५. ती आकडे फळ्यावर लिहिते.

"मऊ बाजू रक्त फुप्फुसात पाठवते," मॅडम आता सांगतात. "फुप्फुस शेजारीच आहे. घट्ट बाजू कुठं पाठवत असेल?"

पट्टीवाली मुलगी विचार करते. "सगळीकडं. पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून ती जाड."

यानंतर नावं येतात. जाड भिंतीचं ते डावं निलय. वरच्या पिशव्या त्या अलिंद. पडदे त्या झडपा. झडपांना खालून पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या आहेत. मुलं एकेक दोरी उदबत्तीच्या काडीने उचलून बघतात. तुटत नाही. दाबाने झडप उलटी फिरू नये म्हणून त्या आहेत. नावं वहीत लिहायला मिनिटही लागत नाही.

मग मॅडम जाड नळी, म्हणजे महाधमनी, उभी चिरतात. तीन पडद्यांच्या जरा वर दोन बारीक भोकं आहेत. त्या आजोबांवाल्या मुलाला हाक मारतात. काडी त्याच्या हातात देतात. तो काडी एका भोकात सरकवतो. काडी आत जाते आणि बाहेरच्या अंगाला, पिवळ्या चरबीखाली, तिचा उठाव दिसतो. मघाची रेघ ती हीच.

"हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं. पण त्याला स्वतःला रक्त लागतं, ते ह्या वाटेनं येतं. ही वाट बुजत आली की छातीत दुखतं. आजोबांची स्प्रिंग ह्या नळीत आहे. माणसात ही नळी तीन-चार मिलिमीटरची असते."

"एवढीच?"

"एवढीच."

मुलगा काडी बाहेर काढतो, परत घालतो. मागच्या मुलांना जागा हवी असते. तो हलत नाही. कुणी त्याला ढकलत नाही.

सकाळी ११.५५

व्हरांड्यात वेगळाच गोंधळ आहे. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला साधारण ७० ठोके. म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. हे फळ्यावर गुणून दाखवता येतं. इथे ते हाताने करायचंय. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत, रेघेपर्यंत भरलेला कप, मिनिटात ७० वेळा. माळकरी मुलांतला एकजण हातात घड्याळ घेऊन उभा आहे.

पहिला मुलगा ३० पर्यंत जोरात जातो. चाळीसला खांदा चोळतो. मिनिट संपतं तेव्हा ५४ झालेले असतात. दुसरी मुलगी ५८. तिसरा कप अर्धवट भरतो, घड्याळवाला त्याला बाद करतो. सत्तर कुणालाच जमत नाही.

"मॅडम, हे रात्री झोपेतपण चालतं?"

"झोपेत सावकाश. पण थांबत नाही."

विचारणारा आपल्या मनगटावर बोटं ठेवतो आणि मोजायला लागतो. शेजारचेही मोजायला लागतात.

आतून ओरडा येतो. पंपाने फोपसं फुगलं आहे. मघा डब्यात विटकरी गोळा होता, आता गुलाबी आणि दुप्पट मोठा. पंप काढला की सावकाश बसतं. मॅडम त्याचा एक तुकडा कापून पाण्यात टाकतात. तरंगतो. दिलाचा तुकडा टाकतात. बुडतो. का, ते उद्या सांगायचं. घरी विचारून यायचं नाही, आपणच सुचवून यायचं.

दुपारी १२.४०

शिकवणं ऐंशी मिनिटं. आवरणं चाळीस मिनिटं. हे वेळापत्रकात नसतं.

मामा पेरूच्या झाडाखाली खड्डा खणतात, हातभर खोल. उरलेलं मांस त्यात, वर चुना, वर माती, वर दगड. कुत्री उकरतात म्हणून. फ्लेक्स फिनेलने धुऊन कुंपणावर. ब्लेडं एका पत्र्याच्या डबीत, डबीला चिकटपट्टी. ४२ जोडी हात नळावर साबणाने. साबणाची वडी निम्मी संपते.

दुपारी १.१५

मोठी सुट्टी. आठवीपर्यंतची मुलं खिचडी घेऊन व्हरांड्यात बसली आहेत. मॅडम डबा उघडतात : भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी.

मुख्याध्यापक येऊन बसतात. "घटक चाचणीला पहिले चार धडे आहेत बरं का."

"दोन झालेत सर. तिसरा या आठवड्यात संपवते."

"पालक मार्क विचारतात. दिल विचारत नाहीत."

"हो सर."

मॅडम अर्ध्या पानाची पावती पुढे करतात. सर ती वाचतात. किरकोळ खर्चाच्या वहीत नोंद करतात, आणि पेटीतून १०० रुपये काढून देतात. "पुढच्या वेळी मला पण बोलवा," म्हणतात. "मी इंग्रजीचा. मला कुणी दाखवलंच नाही कधी."

दुपारी १.५०

नववी. ३६ मुलं, रांगेने, शाळेमागच्या पाणंदीतून. पाऊस थांबलाय. सहा खुरपी, दोन बादल्या, पांढरे कागद, वह्या. पुस्तकात उपयुक्त सूक्ष्मजीवांचा धडा आहे. त्यात रायझोबियमवर काही ओळी आहेत आणि एक चित्र.

बांधाच्या अलीकडे एक सोयाबीन, पलीकडे दुसरं. दोन्हीकडे परवानगी घेतलेली. अलीकडच्या शेतकऱ्याने पेरताना बियाण्याला रायझोबियमचं पाकीट लावलं होतं. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला, गुळाच्या पाण्यात कालवून. युरिया टाकलेला नाही. पलीकडच्याने पाकीट लावलं नाही. तीन आठवड्यांनी एकरी अर्धं पोतं युरिया दिला. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना.

"उपटायचं नाही," मॅडम सांगतात. "उपटलं की गाठी मातीतच राहतात. वीतभर लांबून खणा. ढेकूळ अलगद उचला."

दुपारी २.१०

शेतातल्या मुलांना खुरपं शिकवावं लागत नाही. ढेकळं बादलीत बुडतात. माती सुटते. मुळं वर येतात आणि त्यांवर गाठी. मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या.

"कीड हाय."

"कीड असती तर झाड असं हिरवं असतं?"

एक गाठ ब्लेडने कापून मॅडम पांढऱ्या कागदावर दाबतात. गुलाबी-लाल डाग पडतो. सगळी डोकी एकत्र येतात.

"मॅडम, रक्त!"

"रक्त नाही. पण तुझं म्हणणं अगदी चूक नाही."

आणि त्या उकिडव्या बसून सांगतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो तसा घेता येत नाही. गाठीतले जिवाणू तो झाडाला चालेल असा करून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. या कामात मोकळा ऑक्सिजन आड येतो, म्हणून गाठीत तो धरून ठेवणारा एक लाल पदार्थ असतो, लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच घराण्यातला. दोघांतही लोह. गाठ आतून गुलाबी असेल तर ती कामावर आहे. पांढरट असेल तर अजून कोवळी, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं.

सगळे गट गाठी कापायला लागतात. वह्यांवर गुलाबी ठिपके उठतात.

दुपारी २.४०

आता मोजणी. दोन्हीकडची दहा-दहा झाडं. एक गट मोजताना चिकटलेले खडेही धरतो, त्याला परत मोजायला लावतात. आकडे एका मुलीच्या वहीत गोळा होतात. अलीकडच्या शेतात दहा झाडांना मिळून ३१८ गाठी. पलीकडे १९७.

"पाकिटामुळं," एकजण.

"का युरिया टाकला म्हणून तिकडं कमी?" दुसरी.

"कसं ठरवायचं?" मॅडम.

शांतता. मग आकडे लिहिणारी मुलगी वही बघत म्हणते, "पलीकडची शेवटची दोन झाडं बांधालगतची आहेत. त्यांनाच जास्त आहेत. ३१ आणि २९. बांधापर्यंत युरिया पोचला नसंल."

मॅडम तिची वही घेतात, ते दोन आकडे बघतात आणि तिला ते सगळ्यांसमोर वाचायला सांगतात. हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. तिने ते वहीतून काढलं.

दुपारी ३.२०

दहावी. ३८ मुलं. पेशीविभाजन. मॅडमचे पाय चिखलाने भरलेत, धुवायला वेळ नाही.

सकाळची बाटली उघडते. टोकं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, काचनळी गरम पाण्यात. मामांनी स्टोव्हवर पाणी ठेवलंच होतं. पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. मग ॲसिटोकार्मिनचा थेंब. मग आच्छादन काच, वर टीपकागद, आणि अंगठा.

"सरळ खाली दाबा. अंगठा सरकला तर गेली."

पहिल्या पाच काचपट्ट्यांतल्या तीन जातात. चौथी-पाचवी धरते. आभाळ भरलेलं असल्यामुळे आरशाने उजेड मिळत नाही. फोनचा टॉर्च खाली, वर नेत्रिकेला दुसरा फोन टेकवलेला. फोटो काढून तारेने शाळेच्या टीव्हीवर. वीज आहे तोवर हे चालतं. तरी प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्याने बघायचं, हा नियम आहे. रांग लागते. प्रत्येकाला अर्धं मिनिट.

"चौकोन चौकोन. मध्ये गोळे."

"एकात दोरे आहेत! मधोमध!"

मध्यावस्था. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. मोजायला ती नीट पसरावी लागतात, आज तेवढी पसरलेली नाहीत. एक मुलगा टीव्हीवर बोट ठेवून अकरापर्यंत मोजतो. मग दोरे एकमेकांत गुंततात. मॅडम १६ म्हणायला लावत नाहीत. वहीत तो '११ दिसली' असं लिहितो.

बोर्डाच्या विज्ञानात २० गुण प्रात्यक्षिकाचे. आकृत्या पाठ करूनही ते मिळवता येतात. मॅडम आकृती काढायला लावतात, पण काचपट्टीत जे दिसलं त्याची, पुस्तकातल्या चित्राची नाही. पेशी वेडीवाकडी असेल तर वेडीवाकडी.

संध्याकाळी ५.००

घंटा. मुलं पांगतात. नववीतल्या दोन मुली ग्रंथालयाच्या कपाटापाशी थांबल्या आहेत. लेगहिमोग्लोबिन हवंय. कपाटात मराठी विश्वकोशाचे काही खंड आहेत. विश्वकोशाचं मुख्य काम वाईतच चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा. मॅडम त्यांना 'नायट्रोजन' काढायला सांगतात. भाषा जड आहे. एक वाचते, दुसरी थांबवते, दोघी मिळून वाक्य फोडतात. एसटीला अजून वेळ आहे. मॅडम शेजारी बसून दहावीच्या वह्या तपासतात. घाईने अर्थ सांगत नाहीत. विचारलं तेवढंच सांगतात.

संध्याकाळी ५.३०

फाटकापाशी पलीकडच्या शेताचे मालक उभे आहेत. खांद्यावर इरलं, पायात गमबूट. मुलीने घरी जाताना त्यांना आकडे सांगितलेत.

"मॅडम, म्हणजे माझा युरिया वाया गेला?"

"वाया नाही काका. झाडाला आयतं मिळालं की ते गाठी कमी करतं. हे खरं आहे. पण तुम्ही पाकीटपण लावलं नव्हतं. म्हणजे गाठी कशामुळं कमी, हे आजच्या मोजणीवर सांगता येत नाही."

"मग फुडल्या साली टाकू का नको?"

"दहा झाडांवर मी नाही सांगणार. अजून शेतं मोजू. पाकीट लावून युरिया टाकलेलं एक. दोन्ही नसलेलं एक. मग बोलू. आणि कृषी सहायकांनाही विचारा."

काका मान हलवतात. उत्तर मिळालं नाही, पण ते नाराज दिसत नाहीत. रिकामी बादली ते स्वतः उचलून मॅडमना एसटीच्या थांब्यापर्यंत आणून देतात.

रात्री ८.४५

खोलीत हिशेब. दिलं १००, परत मिळाले. बर्फ १०. हातमोजे २०. ब्लेड १५. साबण १०. कांदे १५. एसटी दोन्ही वेळची २०. पदरचे ९० गेले. १८,००० ला तिसाने भागलं तर दिवसाचे ६०० पडतात. मॅडम असा भागाकार करत नाहीत. त्या फक्त वहीत तारीख घालून लिहून ठेवतात. मागच्या पानांवरही असेच आकडे आहेत : पाणपिसवांसाठी बरणी ४०, यीस्ट ३५, जास्वंदीची फुलं फुकट.

हिशेबाखाली दुसरी यादी. आज काय फसलं : तीन काचपट्ट्या अंगठ्याने गेल्या, उद्या दाबायचा सराव रिकाम्या काचेवर. फोपसं टेबलावर फार वेळ राहिलं, पुढच्या वेळी आधी तेच. पाण्याच्या खेळाला कप दोन हवेत. आणि एक ओळ, खाली रेघ मारून : 'बांधालगतची झाडं वेगळी मोजायची. तिने सांगितलं.'

रात्री ९.२५

फोन वाजतो. काका. त्यांनी तोवर गावात दोघांना विचारलंय. एकाने पाकीट लावून वर युरिया टाकलाय. दुसऱ्याने काहीच नाही. दोघेही पोरांना शेतात येऊ द्यायला तयार आहेत. आणि स्वतःच्या परसातल्या घेवड्याच्याही गाठी मोजा म्हणतात.

"पण पाऊस वाढला तर चिखल हुईल. लौकर या."

मॅडम पाटीवर आखतात. चार शेतं, चाळीस झाडं, बांधालगतची वेगळी. नऊ गट. खुरपी सहाच आहेत, तीन मुलांनी घरून आणायची. एवढं एका तासिकेत होणार नाही. जोड तास थेट पुढच्या बुधवारी.

इतिहासाच्या सरांना मेसेज जातो : शुक्रवारी नववीचा तुमचा शेवटचा तास मला मिळेल का? सोमवारी माझा घ्या.

दोन मिनिटांत उत्तर येतं. घ्या. मी पण येतो मोजायला.